वाट्याबाहेर

"पुन्हा लाल!" मृणालने टेबलावर हात आपटला.

चंद्रावरच्या त्या छोट्या तळावर प्राणवायूचं यंत्र कालच बंद पडलं होतं आणि मदतीचं यान यायला तीन दिवस होते. उरलेल्या हवेची तिघांत वाटणी कशी करायची, ते ती संगणकावर मांडून बघत होती. पडद्यावर मिश्रणातल्या घटकांसारखी, आपापल्या वाट्यासह, तीन नावं होती: हेरंब, मृणाल आणि त्यांची लेक ओवी.

"अगं, माझा वाटा कमी कर," हेरंब म्हणाला.

"केला. मग तू जातोस. बेरीज एकच राहते, कितीदा सांगू तुला!"

"मग वाट्याबाहेरचं काहीतरी बघ!" तो जवळजवळ ओरडलाच.

"तेच बघतेय. पंख्याला, दाबाला वाटा लागत नाही, पण त्यांनी निकाल बदलतो." तिने दाब उतरवला. पडदा लालच राहिला. पलीकडे ओवी कान दुखतात म्हणून रडायला लागली.

"जा, तिला गप्प कर. रडण्यात हवा जाते," मृणाल म्हणाली. मग स्वतःशीच पुटपुटली, "वाट्याबाहेरचं..."

ओवीला थोपटून निजवून हेरंब परतला, तर पडदा हिरवागार होता.

"जमलं गं!" तो म्हणाला आणि वळला. खुर्ची रिकामी होती.

वाटेकऱ्यांत आता दोनच नावं होती, त्याचं आणि ओवीचं. खाली वाट्याबाहेरच्या गोष्टी लिहिल्या होत्या.

दाब: कमी. पंखा: मंद. मृणाल: बंद.