छायासाठी प्रार्थना

धाकट्या जावेनं, छायानं, पाहुण्यांचे कान भरून लेकीची ठरलेली सोयरीक मोडली, तेव्हा बाळाबाईनं सुडासाठी येशू आणि देवऋषी दोघांनाही कामाला लावलं. देवऋषी म्हणाला, "लिंबू न् सात टाचण्या घ्या. धा तोंडांनी ज्याचं नाव घेतलं, त्यालाच टाचणी लागती." मार्गासनी गावातल्या रविवारच्या प्रार्थनेत तोंडांना काय तोटा? "धाकट्या छायासाटी प्रार्थना करा," बाळाबाई गुडघे टेकून विनवायची. माणसं कळवळून छायाचं नाव घेत, 'आमेन' म्हणत; तेव्हाच पदराखाली लिंबात टाचणी शिरायची. सहा रविवारांत छायानं अंथरूण धरलं. सातव्या रविवारी ती काठी टेकत प्रार्थनेला आली. पास्टर पुढं झाले, तशी रडत म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. आदी बाळाबाईंसाटी करा. म्या त्यांचं लई वाईट केलंय." सगळ्यांनी बाळाबाईचं नाव घेतलं. 'आमेन' झालं, आणि पदराखाली सवयीच्या हातानं लिंबात सातवी टाचणी खुपसली.