वशिंड

वासरू बाहेर आलं आणि डॉक्टर शलाकाचे हात जागीच थांबले. ते नेहमीच्या जपानी वासरांसारखं काळंभोर नव्हतं. अंगावर पांढरे ठिपके होते आणि खांद्यावर इवलंसं वशिंड.

"मावशी, हे काय?"

"डांगी वाणाचं हाये, आईसारखं," गाईची मालकीण ठकूबाई म्हणाली. "तुमच्या कंपनीनं ठेवलेला गर्भ पडला. मग हिला डोंगरात नेली. एक वळू लपवलाय तिथं. कुठं ते इचारू नको."

शलाकानं डांगी वासरू आयुष्यात पाहिलं नव्हतं. तालुक्यातल्या प्रत्येक गाईच्या पोटात कंपनी जपानी गर्भ वाढवायची आणि साऱ्या जगाच्या ताटांसाठी वासरू ओलं असतानाच उचलून न्यायची. गाय म्हणजे नुसती भाड्याची खोली. दुसऱ्या वाणाचं वासरू जन्मलं तर तिथंच मारायचं, असा कायदाच होता.

तिनं इंजेक्शन भरलं.

"टोच," ठकूबाई म्हणाली. "पण हिचं चाटून होऊ दे. एवढ्यांदा व्याली, तुम्ही एकदा तरी चाटू दिलंत का?"

शलाका थांबली. गाय चाटत राहिली, वासराचे कान, डोळे, ते वशिंड. तिचं काही संपेना.

बाहेर कंपनीच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. "मॅडम, आणू का पिंजरा?"

"नको!" शलाका ओरडली. "मेलेलं जन्मलं. तू जा!"

तेवढ्यात वासरानं हंबरायला तोंड उघडलं.

"मावशी, बघत काय बसलीस?" शलाका दबक्या आवाजात खेकसली. "आधी त्याला आचळाला लाव!"