शेजारचं टार्गेट

इंगवल्यांच्या टार्गेटवर एकही भोक नव्हतं. पंचांनी कागद उलटापालटा करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. दहा छर्रे उडवले आणि कागद कोरा करकरीत!

गेल्या दसऱ्याला रायफलची पूजा करून इंगवल्यांनी नारळ फोडला, तेव्हा करवंटीचा तुकडा उडून त्यांचा उजवा डोळा गेला होता. मग वर्षभर ते डाव्या खांद्याला रायफल लावून डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकले. "आज जमलं नाही तर रायफल विकून टाकतो," असं बायकोला सांगूनच ते स्पर्धेला आले होते. आता ते रायफल पेटीत भरू लागले.

तेवढ्यात शेजारच्या चौगुल्यांचा कागद आला. त्यावर चक्क वीस भोकं! दहा कडेकडेला विखुरलेली आणि दहा अगदी मधोमध. चौगुले गेली वीस वर्षं शेवटून पहिले येत होते, तेव्हा मधली दहा कुणाची हे कळायला पंच कशाला हवेत? इंगवल्यांचा नेम चुकलाच नव्हता, टार्गेट चुकलं होतं.

पण नियम म्हणजे नियम. भोकांवर नाव नसतं, म्हणून ज्याचा कागद त्याला त्यातली चांगली दहा मिळतात. चौगुल्यांना सुवर्णपदक मिळालं, इंगवल्यांना शून्य.

इंगवल्यांनी लगेच घरी फोन लावला. "अगं, भोपळा मिळाला! पेढे आणून ठेव!"

गळ्यात पदक घालून चौगुले जवळ आले आणि घसा खाकरत म्हणाले, "इंगवले, पुढच्या महिन्यात सांगलीला मॅच आहे. तिथंबी शेजारीच उभं राहूया की!"