भेटीचा शनिवार

“वहिनी, तुम्ही इथे काय करताय?” आमदारांच्या पीएने खाली वाकून कुजबुजत विचारलं.

“नंबर लावलाय,” ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन नीट बसली.

शनिवार हा आमदारांचा लोकांना भेटायचा वार. ऑफिस खालच्या मजल्यावर, घर वरच्या. ती मागच्या जिन्याने उतरली होती, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आली होती आणि भिंतीलगतच्या बाकावर सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसली होती. पीएला घाम फुटला. त्याने तिला लगेच आत सोडायची तयारी दाखवली. ती म्हणाली, रांग म्हणजे रांग. आमदाराच्या बायकोनेच ती मोडली तर लोक तोंडात शेण घालतील.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की आतलं दार अर्धवट उघडं होतं आणि बाकावरून नवरा स्वच्छ दिसत होता. तिला त्याला बघायचं होतं.

आणि तो एकेकाचं काय मन लावून ऐकत होता! निवृत्त पोस्टमन गुडघ्याचं गाऱ्हाणं घेऊन आला होता. “मागच्या खेपेला डावा म्हणाला होतात, काका. आता उजवाही?” असं म्हणत नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. वर पेन्शनवाढीची बातमीही दिली. केंद्र सरकारने कालच निर्णय घेतला होता, अजून छापूनही आला नव्हता. पोस्टमन लंगडत आत गेला होता, तो जवळजवळ नीट चालत बाहेर आला. मग शिवणकाम करणाऱ्या बाई आत गेल्या. “मावशी, मांजर सापडलं का?” नवऱ्याने आधी तेच विचारलं.

बाकावर बसल्या बसल्या तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने केस कापून खांद्यावर आणले त्याला महिना उलटला होता. त्याचा या माणसाला पत्ता नव्हता, आणि शिवणवाल्या मावशींचं मांजर मात्र तोंडपाठ! एखादी सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. इथे अख्खा मतदारसंघच सवत. कोणाकोणाच्या उपटणार? त्या पोस्टमनला तर उपटायला झिंज्याही नव्हत्या.

नवरा कुठे असतो, हे तिला त्याच्या मासिक पत्रकातून कळायचं. पुढच्या पानावर सरकारचे निर्णय, मागच्या पानावर आमदारांचे कार्यक्रम: रक्तदान, झाडं लावणं, बुद्धिबळाच्या स्पर्धा. सगळ्या घरांत पडायचं तसं ते त्यांच्याही दारात पडायचं. या खेपेला सोमवारपुढे छापलं होतं, ‘नव्या पुलाचं उद्घाटन. मंत्री उपस्थित राहतील.’

त्याच सोमवारी सकाळी डॉक्टर तिच्या पोटातली गाठ काढणार होते. कसली गाठ, ते काढल्यावर कळणार होतं. हे नवऱ्याच्या कानावर घालायचा तिने आठवडाभर प्रयत्न केला. एकदा मध्येच मंत्र्यांचा फोन आला. एकदा तो बसल्या जागी घोरायला लागला. काल तर “हं, बघू आपण” म्हणत चपला घालून निघून गेला. पुलाशी तिचं काही वैर नव्हतं. गुंगीतून डोळे उघडतील तेव्हा शेजारच्या खुर्चीत तो असावा, एवढंच तिला हवं होतं.

तिचा नंबर आला.

“अगं, तू?” तो हसला. “वर काय झालं?”

“वर तुम्ही भेटत नाही. म्हणून खाली आले.”

त्याचं हसू मावळलं. त्याने मोबाइल पालथा घातला आणि खुर्ची पुढे ओढली. “बस. सांग.”

तिने सांगितलं. गाठीचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, रात्र रात्र झोप लागत नाही तेही सांगितलं. तो मध्ये बोलला नाही. नंतर विचारलं ते नेमकं विचारलं: कधीपासून दुखतंय, डॉक्टर कोण, आईला कळवलंस का. आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्याने तिच्याकडे सरकवला. तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याचा हेवा केला ते अखेर तिच्या वाट्याला आलं होतं. तिच्या मनातली सगळी जळजळ निवली. पोस्टमनचे दोन्ही गुडघे बरे व्हावेत, असंही तिला अगदी मनापासून वाटून गेलं.

“सोमवारी याल ना?” तिने विचारलं.

“तू अजिबात काळजी करायची नाही. काम झालं समज,” तो म्हणाला. त्याने फोन उचलला आणि दुसऱ्या हाताने दाराशी उभ्या असलेल्या पीएला कसलीशी खूण केली.

पुलाचा कार्यक्रम रद्द करतोय, तिला वाटलं. तिला एकदम अपराधी वाटायला लागलं. सगळाच रद्द नका करू, जरा पुढे ढकला, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

“नमस्कार डॉक्टर, आमदार बोलतोय,” तो म्हणाला. “सोमवारी एक ताई येतील तुमच्याकडे. ओळखीच्या आहेत. जरा लक्ष द्या.”