हलका पाय

बायकोच्या हट्टापायी खुशालराव आपली जुनी ॲम्बेसेडर घेऊन अकोल्याच्या मिस्त्रीकडे डिस्क ब्रेक बसवायला आले. मिस्त्रीनं लहान आणि मोठी, अशा दोन डिस्क पुढ्यात ठेवल्या.

"लहानच बसव," खुशालराव घाईनं म्हणाले. "गाडी काय शर्यतीले न्याची हाये काय?"

"मोठीच बसव," सोबत आलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या. "अन् हलकासा पाय ठेवला तरी जाग्यावर थांबली पाह्यजे."

"मंग काकू, बूस्टरबी टाका लागते."

"टाक."

या गाडीला उठता-बसता खटारा म्हणणारी बाई आज नवऱ्याच्या जिवाला एवढी जपतेय, हे पाहून खुशालरावांना भरून आलं.

पुढच्याच रविवारी दोघं अमरावतीहून वरूडच्या बागेकडे निघाले. वाटेत नांदगाव पेठेला दुर्गाबाईंच्या भावाचं घर. भाऊ कविता करायचा आणि पाहुण्याला सगळ्या ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही.

"दादाकडे थांबवा," घर दिसताच दुर्गाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी नेहमीसारखा ब्रेकवर दाखवण्यापुरता पाय टेकवला. लग्नापासूनचं ठरलेलं वाक्यही तोंडात तयारच होतं, "अवं, ब्रेक लागेपरेंत तुया भावाचं घर मांगं गेलं ना!"

पण गाडी बरोबर फाटकासमोर, खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली.

दुर्गाबाईंनी काच खाली केली आणि अंगणाकडे पाहून हाक मारली, "दादा, काढ तुया कविता! आज यायच्या गाडीचा ब्रेक लागला!"