शुक्रवारी आवाज बंद

सुजितच्या दारावर थाप पडली. शेजारचा बन्सीभाऊ उठला होता.

उठला कसला, सुजित आणि त्याच्या मित्रांनीच उठवला होता. बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून मेहुल आणि चारुता सकाळीच सुजितच्या भाड्याच्या खोलीवर जमायचे आणि तिघं लॅपटॉपवर इंग्रजी सिनेमा लावायचे. एकदा जुना, काळापांढरा, एकदा नवा. बन्सीभाऊ पडला कंपनीतला वॉचमन, त्याला कसला शुक्रवार. रात्रपाळी करून तो तेव्हाच आडवा झालेला असायचा, आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. पुन्हा तक्रार आली तर खोली खाली करा, असं घरमालकिणीने बजावलं होतं. बोईसरमध्ये एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळणं कठीण. म्हणून हे लोक आवाज बंद ठेवून, खालची अक्षरं वाचत सिनेमा बघायचे. पण सिनेमाचा आवाज बंद केला, तरी चारुताचा कोण बंद करणार? बायकोला सोडून डोंगरात निघून गेलेला सिनेमातला म्हातारा तिच्या मते शूर, मेहुलच्या मते पळपुटा, यावरून आज दोघांची मध्येच जुंपली होती.

सुजितने दार उघडलं. बन्सीभाऊ लुंगी सावरत उभा होता, डोळे लाल. सुजित माफी मागू लागला, पुन्हा असं होणार नाही, फक्त मालकिणीला सांगू नका. बन्सीभाऊने हातानेच त्याला थांबवलं.

"त्या मागल्या शुक्रवारच्या सिनेमातल्यानं पोराला गोळी घातली का नाय?" त्याने विचारलं. "तुमी नेमके हळू बोलाया लागले."

घातली नाही, बंदूक विहिरीत टाकली, असं चारुताने सांगितलं. बन्सीभाऊचा चेहरा खुलला. आठवडाभर गेटवर बसून तो हाच विचार करत होता म्हणे. मग तो मेहुलकडे वळला. दिवाळीतल्या सिनेमात तो दरोडेखोर जोडीदाराला टाकून पळाला, तेव्हा मेहुल त्याच्या बाजूने भांडला होता, मग या म्हाताऱ्याने काय घोडं मारलं, असं त्याने विचारलं.

सुजितच्या जिवात जीव आला. त्याने सतरंजीवर जागा करून दिली, चहा टाकला, आणि पाहुण्यासाठी सिनेमाचा आवाज मोठा केला. सगळे शहाण्यासारखे गप्प बसून बघू लागले. दहा-बारा मिनिटं गेली. बन्सीभाऊ चुळबुळ करू लागला, आणि चहा संपताच उठला.

सिनेमा आवडला नाही का, असं सुजितने विचारलं. चांगला हाय, असं म्हणून तो आपल्या खोलीत गेला. पलीकडे खाट करकरली. इकडे सुजितने सवयीने सिनेमाचा आवाज पुन्हा बंद केला.

थोड्या वेळाने भिंतीवरून आवाज आला, "हां. भांडा आता."