पाव फुगेना

नोकरीसाठी मी घर सोडलं आणि बाबांचा पाव फुगेनासा झाला. दर रविवारी फोनवर तीच रड. यीस्ट बदललं, पीठ बदललं, पाणी कोमट करून पाहिलं, तरी पाव आपला विटेसारखा. "अजून थोड्या विटा झाल्या की गच्चीवर खोली काढू," आई मागून ओरडायची. इथे मी एकटीने घरमालक, गॅस आणि गळका नळ निस्तरत होते. पावाचं ऐकायला वेळ कुणाला? "विकतचा आणा ना सरळ," असं म्हणून फोन ठेवायचे.

थंडीत सुट्टी काढून घरी गेले. सकाळी डोळे उघडले, तर बाबा दारात उभे. हातात फडक्याने झाकलेलं पिठाचं पातेलं.

"झोप झाली का गं? ऊठ मग. अंथरूण गार व्हायच्या आत हे ठेवू दे."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या अंथरुणात ठेवायचात?"

"तू दात घासायला गेलीस की लगेच," बाबा ओशाळून म्हणाले.

मी अर्धी उठले होते. पुन्हा आडवी झाले आणि रजई नाकापर्यंत ओढून घेतली.

"थांबा जरा, बाबा. अजून थोडं तापवून देते."